रिकाम्या चर्चचा आवाज

अकराव्या मिनिटाला दार वाजलं. हाल्वोरनं हेडफोन कानांवर घट्ट दाबले, रेकॉर्डिंग थोडं मागे नेलं आणि पुन्हा ऐकलं. बिजागरी कुरकुरली, मग दार हळूच, अगदी जपून लोटल्याचा आवाज. आणि मग पावलं. पण ती पावलं बुटांची नव्हती. कोणीतरी बूट काढून, लाकडी फरशीवर मऊ पाय टाकत चाललं होतं.

बुधवारची दुपार होती, खिडकीबाहेर एप्रिलचं लख्ख ऊन होतं, छपरावरचा बर्फ वितळून पन्हाळीतून ठिबकत होता आणि स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेल्या पन्नाशीच्या माणसानं उठून दाराला आतून कडी घातली. काल चार वाजता तो स्वतः चर्चला कुलूप लावून निघाला होता. निदान लावलं होतं असं त्याला वाटत होतं, आणि आज सकाळी रेकॉर्डर आणायला गेला तेव्हाही किल्ली सवयीनंच फिरवली होती. एका हातात केबलचं वेटोळं, दुसऱ्यात थर्मास, खांद्याला बॅग. अशा वेळी माणूस किल्ली फिरवतो की फिरवल्यासारखं करतो, हे दुसऱ्या दिवशी शपथेवर कोण सांगणार?

रेकॉर्डर तिथं ठेवून येणं ही त्याची कामाची रीत होती. वाजवून झालं की तो यंत्र चालू ठेवून निघून जायचा. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते, आणि त्या जागेत वाजवलेल्या सुरांखाली तिथलीच शांतता अंथरली नाही तर सूर अधांतरी लटकतात, असं त्याचं ठाम मत होतं. म्हणून तासभर रिकाम्या चर्चचा आवाज टिपायचा. हीटरची टिकटिक नको म्हणून ते बंद ठेवायचे. रविवारखेरीज ते तसेही बंदच असत. लोकरीची टोपी आणि बोटं कापलेले हातमोजे घालून तो ऑर्गन वाजवायचा. दोनच दिवसांत त्याचं नाक चोंदलं होतं.

रेकॉर्डिंगमध्ये पावलं थांबली. मग श्वास. एकामागून एक दोन, आखूड, नाकानं ओढलेले. पुन्हा चार पावलं. पुन्हा दोन श्वास. असं बाकांच्या रांगांमधून, थेट वेदीपर्यंत आणि परत. सगळं मिळून चौदा मिनिटं. मग दार बंद झालं आणि उरलेला अर्धा तास नुसती शांतता होती. ती त्यानं ऐकली नाही. त्यानं हेडफोन काढून ठेवले.

ड्रॉवरमध्ये ते पत्र होतं. मार्चमध्ये आलेलं. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात हाल्वोरचा फोटो छापून आला होता: एकेकाळचा ब्लॅक मेटलवाला, सैतानाच्या नावानं किंचाळत गाणारा हाल्वोर ब्रेक्के आता स्कारेदालच्या चर्चमध्ये ऑर्गनवर संथ, शांत संगीताची रेकॉर्ड करतो आहे, वगैरे. त्यानंतर आठ दिवसांनी हा लिफाफा. आत दोन ओळी. ‘तू आत बसून वाजव. बाहेर कोण उभं आहे, ते नंतर कळेल.’ आणि खाली चिकटपट्टीनं लावलेली जळकी काडी. सही नाही, शिक्का पुसट.

पत्र त्यानं कोणालाही दाखवलं नव्हतं. दाखवलं असतं तर चर्चचा कारभार बघणाऱ्या पॅरिशच्या मंडळानं दुसऱ्याच दिवशी किल्ली परत मागितली असती. शिवाय पोलीस आले असते, आणि पोलीस आले की एकतीस वर्षांपूर्वीचं सगळं पुन्हा टेबलावर आलं असतं.

एकतीस वर्षांपूर्वी स्कारेदालचं जुनं लाकडी चर्च फेब्रुवारीतल्या एका रात्री जळून खाक झालं; आताचं चर्च नंतर बांधलेलं. हाल्वोर तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि त्याचा एकट्याचा बँड होता, मोल्डमोर्के नावाचा. गिटार तोच, ड्रम तोच, किंचाळणाराही तोच. आईच्या वाफलच्या पिठात पाणी कालवून तोंडाला फासायचं, डोळ्यांभोवती चुलीची काजळी, आणि तळघरात मुद्दाम मिळेल तो सर्वांत भिकार माइक लावून रेकॉर्ड करायचं. चांगला आवाज म्हणजे बाटगेपणा आणि चर्च जाळणं म्हणजे पराक्रम, असं ब्लॅक मेटल वाजवणाऱ्या पोरांमध्ये मानलं जाई. चर्च जळालं त्या पहाटे तो वडिलांचा कॅमेरा घेऊन धावला. उरलेल्या चार काळ्या खांबांचा फोटो काढला आणि पुढच्या कॅसेटच्या कव्हरवर छापला.

आग त्यानं लावली नव्हती. त्या रात्री तो घरी झोपलेला होता, आईनं तसं सांगितलंही. पण त्याच्या जगात असं सरळ ‘नाही’ म्हणण्याची पद्धत नव्हती. त्यांच्यातल्या एका छोट्या मासिकानं विचारलं, ‘हे काम तुझं का?’ सरळ ‘मला माहीत नाही’ म्हणायचं सोडून शहाणा म्हणाला, ‘माती विसरत नाही.’ त्या वाक्यावर सहाशे कॅसेट खपल्या. खरा गुन्हेगार सापडला नाही. त्यामुळे गावाच्या लेखी तो सापडलेलाच होता.

त्यानंतर वीस वर्षं तो परमुलखात किंचाळत राहिला. मग आई गेली, तो घरी परतला, आणि एका सकाळी तिच्या पायपेटीवर त्यानं सहज तीन सूर दाबले. ते विरेपर्यंत ऐकत बसला आणि रडला. तेव्हापासून त्यानं गिटारला हात लावला नव्हता. ही रेकॉर्ड त्याच्या स्वतःच्या नावानं निघणारी पहिली होती. मंडळानं त्याला सहा दुपारी दिल्या होत्या, तेही बराच वाद झाल्यावर. पाच विरुद्ध चार मतांनी.

आता कोणीतरी अनवाणी आत शिरून बाकांमधून फिरत होतं. कुठं ओतायचं, कुठून पेटेल, याची पाहणी चाललेली असणार, दुसरं काय? चर्च जळेल ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही की जळलं तर ते हाल्वोरनंच जाळलं हे ठरायला स्कारेदालला पाच मिनिटंही लागणार नाहीत. आणि या वेळी ‘नाही’ म्हणायला आई नव्हती.

किल्ल्या तीनच होत्या. एक पाद्रीबाईंकडे, त्या शेजारच्या गावी राहत. एक त्याच्याकडे. तिसरी बोरगिल्डमावशीकडे. बोरगिल्डमावशी म्हणजे चर्चची झाडलोट, मेणबत्त्या, घंटा सगळं बघणारी, चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघ्यानं अधू. हाल्वोरच्या आईची ती मैत्रीण. रविवारी दार लावल्यावर ती मूठ धरून तीनदा ओढून बघायची, आणि पोरं तिची नक्कल करायची.

त्यानं तिला फोन केला. काल संध्याकाळी वर आली होतीस का, असं शक्य तितक्या सहजपणे विचारलं.

“मी कशाला येऊ?” ती म्हणाली. “या गुडघ्यानं? रविवारी चढते तेच खूप झालं. का रे, काही हरवलंय का?”

काही नाही, म्हणून त्यानं फोन ठेवला. त्या रात्री तो दर तासाला उठून खिडकीतून टेकडीकडे बघत होता.

गुरुवारी तो गेला. न जाण्याचा विचार मनात आला होता, पण आपण आत असलो तर निदान कोणी आग लावणार नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं. दाराशी ओलसर चिखल होता, पण ओळखू येतील असे ठसे त्याच्याच बुटांचे. वाजवताना त्याचं निम्मं लक्ष पाठीमागे होतं. ऑर्गन वरच्या सज्जात, वाजवणाऱ्याची पाठ खालच्या बाकांकडे. डोक्यावरच्या छोट्या आरशात अख्खं चर्च दिसायचं आणि त्या आरशाकडे बघता बघता त्याची बोटं दोनदा चुकली. थंडीनं ऑर्गनचे सूर उतरले होते. त्या उतरलेल्या सुरांवर तो खरं तर खूश असायचा, पण आज त्याला ते आवाज खोल विहिरीतून आल्यासारखे वाटत होते.

निघताना त्यानं रेकॉर्डर चालू ठेवला. कुलूप लावलं, आणि लावलं असं मोठ्यानं म्हटलं, म्हणजे उद्या लक्षात राहील.

शुक्रवारी तीन वाजता तो आला तेव्हा चर्च जागच्या जागी होतं. कुलूपही होतं. खिडक्यांमधून आलेलं ऊन बाकांवर पडलं होतं. हे बघून त्याला स्वतःचं हसू आलं. तो सज्जात चढला, ऑर्गनच्या बाकावर बसला आणि हेडफोन लावून कालचं रेकॉर्डिंग सुरू केलं.

नवव्या मिनिटाला दार. तीच मऊ पावलं, तेच दोन-दोन श्वास. बाकांच्या रांगा, वेदी, परत. मग एक वेगळा आवाज आला. लाकडी पायरी कुरकुरली. मग दुसरी. कोणीतरी सज्जात चढत होतं, मध्येच थांबत होतं, दम खात होतं. पावलं माइकजवळ येत गेली, इतकी जवळ की हाल्वोरनं बसल्या जागी मान वळवून मागे पाहिलं. मागे फक्त ऊन होतं. कानात कडी खणखणली, पत्र्याचं काहीतरी जमिनीवर टेकलं. मग ओतल्याचा आवाज. बराच वेळ, सावकाश, एखादा डबा रिकामा करावा तसा. आणि तो आवाज त्याच्या पायांपासून हातभर अंतरावरून येत होता.

 तो बाकावरून अक्षरशः घसरून खाली गुडघ्यांवर आला. पळून जावं हा पहिला विचार. दुसरा असा की आत्ता पळालो आणि मागं हे पेटलं, तर पळताना मला कोणीतरी पाहिलेलं असणार. तो जमिनीला नाक लावून हुंगू लागला. चोंदलेल्या नाकात काही शिरत नव्हतं, म्हणून जोर लावून, आखूड, दोनदा. पुढं सरकून पुन्हा दोनदा. पेट्रोल नाही. फळ्या, धूळ, मेण. ऑर्गनच्या पेटीशी, मग सज्जाच्या कठड्याशी. पायऱ्या उतरून तो खाली आला आणि शेवटच्या रांगेपासून बाकांखाली वाकून हुंगत निघाला.

तिसऱ्या रांगेत त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. दोन श्वास. चार पावलं. दोन श्वास.  हाच आवाज तो दोन दिवस ऐकत होता.

“तिथं झालंय माझं,” मागून कोणीतरी म्हणालं. “काल साडेचारला.”

बोरगिल्डमावशी दाराशी उभी होती. बूट उंबऱ्याबाहेर, काठी भिंतीला टेकलेली, पायांत जाड लोकरी मोजे. एका हातात पत्र्याची रिकामी बादली.

हाल्वोरला उठता येईना. तो तसाच बाकाला धरून बसला. तू होतीस, एवढंच त्याला म्हणता आलं.

“मीच. तू निघालास की येते. मंगळवारपासून. आज वाजवणं ऐकू येईना, म्हटलं गेलास.” ती पलीकडच्या बाकावर बसली आणि गुडघा चोळू लागली. “वर ऑर्गनच्या मागे बादली ठेवलीय, डब्यानं पाणी नेऊन ओतलं तिच्यात. दुसरी वेदीमागे. ही तिसरी. भिंतीवर ते आग विझवायचं लाल नळकांडं आहे म्हणे, पण ऐन वेळी त्याचा खटका कुठं असतो ते कोणाला सापडणार आहे?”

“मी फोन केला तेव्हा नाही म्हणालीस.”

“मग काय सांगणार होते? तुझ्या मागोमाग हुंगत फिरते म्हणून?”

त्याला राग यायला हवा होता. पण लाज वाटली, आणि लाजेच्या खाली वेगळीच भीती. दोन दिवस तो बाहेरच्या कोणाला तरी घाबरत होता. आणि हे गाव, ही बाई, एकतीस वर्षं त्याला घाबरत होती. मग तिनं किल्ली देण्याच्या बाजूनं मत कसं दिलं, असं त्यानं विचारलं. मंडळात तीही होती आणि पाचवं मत तिचंच होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

“तू आत असलास की मला कळतं तू कुठं आहेस,” ती म्हणाली. “बाहेर असलास की कळत नाही.”

मग तिनं सांगितलं. सांगताना ती वेदीकडे बघत होती. त्या फेब्रुवारीत आदल्या संध्याकाळी जुनं चर्च तिनंच बंद केलं होतं. दार ओढताना तिला पेट्रोलचा वास आला होता. कबरी खणणाऱ्या ओलावची स्नो-स्कूटर गळत असेल, असं तिला वाटलं. घरी बटाटे चुलीवर होते. ती निघून गेली. ही गोष्ट तिनं पोलिसांना सांगितली नाही, नवऱ्याला सांगितली नाही, आणि ज्यांचं लग्न, बारसं, आईबापांच्या कबरी त्या चर्चशी बांधलेल्या होत्या त्या कोणालाच सांगितली नाही.

“दोन पावलं मागं गेले असते तर सापडलं असतं,” ती म्हणाली. “तेव्हापासून नाकाला चैन नाही.”

 मग ती त्याच्याकडे वळली.

“तुझ्या कॅसेटवर मी आहे, माहिती आहे ना तुला?”

त्याला माहीत होतं. माहीत होतं आणि त्यानं ते विसरून टाकलं होतं. खांबांच्या मधोमध, राखेत, लांब कोट घातलेली एक पाठमोरी बाई. मासिकवाल्यांनी विचारलं होतं, ही कोण? तो म्हणाला होता, ‘ती मृत्यू आहे. ती माझ्या घरी येते.’

“पोलिसांनी माझ्यापुढं ठेवली ती. विचारलं, या तुम्हीच का? मी हो म्हटलं. मासिकही दाखवलं त्यांनी.” तिनं गुडघा चोळायचं थांबवलं. “मी तुमच्या घरी कॉफीला यायचे, हाल्वोर. दर गुरुवारी. तुझी आई वाफल करायची आणि तू तळघरातून वर येऊन सगळ्यांत मोठा उचलायचास. त्यानंतर मी आले नाही, ते तुझ्या लक्षात तरी आलं का?”

आलं नव्हतं. आई गुरुवारी एकटीच कॉफी प्यायची, ते त्याला आत्ता आठवलं.

“तू होतास का?” बोरगिल्डमावशीनं विचारलं. “मला कोणी सांगायला नको. तू सांग.”

“नाही.”

“मग इतकी वर्षं म्हणाला का नाहीस?”

“म्हटलं असतं तर माझ्याकडे बाकी काहीच उरलं नसतं,” तो म्हणाला. हे खरं होतं आणि अतिशय लाजिरवाणं होतं.

त्यानं खिशातून पत्र काढलं. बुधवारपासून तो ते अंगावरच बाळगत होता. तिनं चष्मा लावून वाचलं, जळकी काडी नखानं खरवडून पाहिली, वास घेतला. मग चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहिली.

“हे तुला आलंय, की तूच लिहिलंयस?”

हाच प्रश्न येणार म्हणून त्यानं पत्र ड्रॉवरमध्ये दडवलं होतं. आता तो आलाच होता. मला आलंय, तो म्हणाला, आणि माझ्यामुळे इथं कोणी काही करेल या भीतीनं मी दोन रात्री झोपलेलो नाही. तिनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. लाल झालेलं नाक, गुडघ्यांना लागलेली धूळ.

“ते यंत्र चालू आहे का?” तिनं सज्जाकडे बोट केलं.

नव्हतं. तो वर गेला, त्यानं रेकॉर्डर खाली आणला आणि बाकावर दोघांच्या मध्ये ठेवला. लाल दिवा लागला. वीस वर्षं त्यानं माइकमध्ये घसा फाटेपर्यंत किंचाळून दाखवलं होतं, पण साध्या आवाजात कधी काही सांगितलं नव्हतं. 

“माझं नाव हाल्वोर ब्रेक्के,” तो म्हणाला. “मोल्डमोर्के म्हणजे मीच. स्कारेदालचं चर्च मी जाळलं नाही. कोणी जाळलं मला माहीत नाही. मला माहीत आहे असं लोकांना वाटू दिलं, ते मला आवडत होतं. कव्हरवरचा फोटो मी काढला. त्यातली बाई मृत्यू नाही. त्या बोरगिल्ड मोएन. त्या तिथं रडत होत्या, आणि मी फोटो काढून घरी गेलो.”

त्यानं बंद करायला हात पुढं केला.

“राहू दे चालू,” ती म्हणाली. आणि तिनंही सांगितलं, वासाचं, स्कूटरचं, बटाट्यांचं. दोनदा तिचा आवाज गेला. दोन्ही वेळा ती थांबली आणि पुन्हा त्याच शब्दापासून सुरू झाली.

मग पत्र आजच्या आज पोलिसांकडे द्यायचं, असं तिनं ठरवून टाकलं. तूच लिहिलं असशील असं ते म्हणतील, असं हाल्वोर म्हणाला.

“म्हणतील. म्हणूनच मी बरोबर येतेय.”

निघण्यापूर्वी तिनं बादली सांक्रिस्तीतल्या, म्हणजे वेदीशेजारच्या लहान खोलीतल्या नळावर भरून दाराशी ठेवली. मग डाव्या बाजूच्या बाकांकडे बोट करून म्हणाली, तू त्या बाजूनं ये, मी या बाजूनं. त्यानं बूट काढले. दोघं हुंगत हुंगत दारापर्यंत आले. त्याच्या नाकात काहीच शिरत नव्हतं, पण त्यानं एकही रांग सोडली नाही.

बाहेर ऊन कललं होतं. बोरगिल्डमावशीनं बूट चढवले, काठी घेतली आणि कुलूप लावायचं त्याच्यावर सोडलं. त्यानं किल्ली फिरवली. ती दाराची मूठ ओढून बघेल म्हणून तो बाजूला सरकला. ती आली नाही. दाराकडे पाठ करून, एकेक पाऊल जपून टाकत टेकडी उतरूही लागली होती.

खाली रस्त्यापलीकडे, बर्चच्या झाडांमध्ये काहीतरी हललं. हरीण असेल, किंवा कोणीतरी उभं असेल. हाल्वोर बराच वेळ तिकडे बघत राहिला. मग त्यानं मूठ धरली आणि दार ओढून पाहिलं. एकदा, दोनदा, तीनदा.